उद्दिष्टाचा स्तर क्रियापदावरून ठरत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: पाठ टाचण, म्हणजे तासाच्या शिकवण्याची लेखी योजना, काढताना प्रत्येक उद्दिष्टापुढे ब्लूम यांच्या वर्गीकरणातला स्मरण, आकलन, उपयोजन असा विचारस्तर लिहायचा असतो. क्रियापदांची छापील यादी हाताशी असते. तरीही एकच उद्दिष्ट एक शिक्षक आकलनात टाकतो, दुसरा विश्लेषणात. चाचणीचे पेपर तपासल्यावर तर दोघांचंही बरोबर वाटत नाही. मग स्तर ठरवायचा कशावरून?

आधी उत्तर, मग तपशील. मुलांना वर्गात आधी काय दिलं आहे आणि आता त्यांच्यापुढे काय ठेवलं आहे, या दोहोंमध्ये जेवढं अंतर, तेवढा त्या कामाचा स्तर. क्रियापद फार तर खूण दाखवतं.

'दिलेल्या शब्दाचा समास ओळखा' हे उदाहरण घ्या. यादीप्रमाणे 'ओळखणे' हे स्मरणाचं क्रियापद. शब्द 'आईवडील' असेल आणि तो पाठात द्वंद्व समासाचं उदाहरण म्हणून येऊन गेला असेल, तर हे खरोखरच स्मरण आहे. शब्द 'बहीणभाऊ' असेल आणि तो वर्गात कधीच आलेला नसेल, तर मुलाला विग्रह करून पाहावा लागतो, दोन्ही पदांना सारखंच महत्त्व आहे का हे तपासावं लागतं. हे वर्गीकरण झालं, म्हणजे आकलन. आता 'पीतांबर' द्या आणि तोही दोन वाक्यांत: 'त्याने पूजेसाठी पीतांबर नेसला' आणि 'पीतांबराच्या हाती शंख, चक्र, गदा आणि पद्म आहे'. पहिल्या वाक्यात पीत असे अंबर, म्हणून कर्मधारय. दुसऱ्यात पीत आहे अंबर ज्याचे असा तो, म्हणजे विष्णू, म्हणून बहुव्रीही. शब्द एक, विग्रह दोन, आणि निर्णय वाक्याच्या संदर्भावरून. इथे मुलाला वाक्याचे भाग सुटे करून त्यांचा एकमेकांशी संबंध लावावा लागतो, हे विश्लेषण. पण हेच दोन विग्रह काल फळ्यावर लिहून दिले असतील, तर आज तोच प्रश्न पुन्हा स्मरणावर येतो. क्रियापद मात्र चारही वेळा 'ओळखा' हेच आहे.

हे काही नवं सांगणं नाही. या वर्गीकरणाच्या जन्मातच ते आहे. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन परीक्षकांच्या एका बैठकीत ही कल्पना पुढे आली. वेगवेगळ्या संस्थांनी तयार केलेले प्रश्न एकमेकांना वापरता यावेत, म्हणून प्रश्न कशाची परीक्षा घेतो हे सांगणारी सामाईक भाषा त्यांना हवी होती. बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये बोधात्मक क्षेत्राचं, म्हणजे विचार आणि ज्ञानाशी संबंधित उद्दिष्टांचं, वर्गीकरण प्रसिद्ध केलं ते यातूनच. त्यात ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण आणि मूल्यमापन असे सहा वर्ग होते आणि प्रत्येक वर्गासोबत नमुना प्रश्न होते. एखादा प्रश्न कोणत्या वर्गात टाकायचा हे ठरवताना परीक्षार्थींनी आधी काय शिकलं आहे हे माहीत असावं लागतं किंवा गृहीत धरावं लागतं, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट केलं होतं. पुढे क्रियापदांच्या याद्या पसरल्या आणि हा इशारा मागे पडला. सगळीकडे दिसणारा त्रिकोणी मनोराही मूळ ग्रंथात नव्हता, तो नंतर आला. त्यामुळे खालचे स्तर म्हणजे कमी प्रतीचे, असा भलताच समज रुजला.

२००१ मध्ये लोरिन अँडरसन आणि डेव्हिड क्रॅथवोल यांच्या गटाने सुधारित मांडणी केली. क्रॅथवोल १९५६ च्या गटातही होते. आज वापरायची ती हीच मांडणी: स्मरण, आकलन, उपयोजन, विश्लेषण, मूल्यमापन, निर्मिती. नामांच्या जागी क्रिया आल्या आणि संश्लेषणाच्या जागी आलेली निर्मिती शेवटी गेली. मात्र सर्वांत उपयोगी बदल वेगळाच आहे आणि टाचणात तो क्वचित दिसतो. विचारप्रक्रियेपासून ज्ञानाचा प्रकार वेगळा काढला गेला आणि त्याचे चार भाग झाले: तथ्यात्मक, संकल्पनात्मक, प्रक्रियात्मक आणि अधिबोधात्मक, म्हणजे स्वतःच्या विचाराबद्दलचं ज्ञान. सहा प्रक्रिया आडव्या आणि चार प्रकार उभे मांडले की २४ चौकोनांचा तक्ता होतो. उद्दिष्टातलं क्रियापद आडवी जागा सुचवतं, नाम उभी जागा देतं. 'बाष्पीभवनाची व्याख्या सांगणे' आणि 'बाष्पीभवनाचा वेग मोजण्याच्या पायऱ्या सांगणे' ही दोन्ही उद्दिष्टं स्मरणाचीच. पण पहिलं संकल्पनेचं आहे, दुसरं प्रक्रियेचं, आणि दोन्ही शिकवण्याची रीत वेगळी असते. पायऱ्या पाठ असलेल्या मुलाला प्रयोग करता येतोच असं नाही.

स्तर ठरवण्याआधी उद्दिष्ट नीट लिहिलेलं हवं. पहिली अडचण इथेच येते. 'विद्यार्थ्यांना बाष्पीभवन समजावून देणे' हे शिक्षकाचं काम झालं, उद्दिष्ट नव्हे. त्याचा स्तर ठरवताच येत नाही, कारण मूल काय करणार हे त्यात नाही. 'बाष्पीभवन समजणे' हेही अपुरं आहे. समजलं हे दिसणार कशातून? रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये सांगितलेले तीन भाग आजही पुरेसे आहेत: विद्यार्थी काय करून दाखवेल, कोणत्या परिस्थितीत, आणि किती चांगलं केलं म्हणजे जमलं म्हणायचं. मराठी टाचणात उद्दिष्टाखाली जे स्पष्टीकरण लिहितात, तिथे हे तिन्ही भाग यायला हवेत. उदाहरणार्थ: 'वर्गात न चर्चिलेल्या रोजच्या तीन प्रसंगांपैकी किमान दोनांत, पाणी लवकर का वाळलं हे विद्यार्थी तापमान, पृष्ठभाग, वारा किंवा हवेतला दमटपणा यांपैकी योग्य कारण देऊन सांगतो.' यातले 'वर्गात न चर्चिलेल्या' हे शब्द वाक्याचा कणा आहेत. ते काढले की स्तर कोलमडतो. एक साधी सवय लावून घ्यावी: स्मरणाच्या वरचं उद्दिष्ट असेल तर नवं काय असणार ते वाक्यातच लिहायचं. नवी आकडेवारी, नवा उतारा, न पाहिलेली आकृती, काहीही असो.

आता ज्या सीमांवर खरी ओढाताण होते त्यांकडे.

आकलन आणि उपयोजन. सुधारित मांडणीत आकलनाखाली तब्बल सात उपक्रिया आहेत: अर्थ लावणे, उदाहरण देणे, वर्गीकरण करणे, सारांश सांगणे, अनुमान काढणे, तुलना करणे आणि कारण उलगडणे. उपयोजनाखाली फक्त दोन: ओळखीच्या कामात ठरलेली रीत चालवणे, आणि अनोळखी कामात योग्य रीत निवडून ती चालवणे. शिक्षकांची सर्वसाधारण कल्पना याच्या उलट असते. दैनंदिन जीवनातलं उदाहरण आलं की उपयोजन, असं सर्रास धरलं जातं. 'बाष्पीभवनाचं व्यवहारातलं एक उदाहरण सांगा' हे आकलन आहे, उदाहरण देणे. उपयोजनाला रीत लागते. गणितात हे स्वच्छ दिसतं. छेद वेगळे असलेल्या अपूर्णांकांची बेरीज शिकवली आणि त्याच धाटणीची दहा गणितं दिली, तर ते उपयोजन, पण त्यातला पहिला आणि सोपा प्रकार. शाब्दिक उदाहरणात बेरीज करायची की वजाबाकी, हे मुलालाच ठरवायचं असेल तर दुसरा प्रकार. मात्र 'एकूण किती' दिसलं की बेरीज, अशी खूण शिकवलेली असेल तर दुसरा प्रकारही पहिल्यावर येतो.

तुलना आणि विश्लेषण. 'तुलना करा' हे शब्द आले की बरेचजण विश्लेषण लिहून मोकळे होतात. उत्कलन आणि बाष्पीभवन यांतला फरक दोन रकान्यांत लिहिणं हे आकलन, आणि रकाने पाठ्यपुस्तकात असतील तर स्मरण. विश्लेषणात मुलाला तीन गोष्टींपैकी एखादी करावी लागते: महत्त्वाचं आणि बिनमहत्त्वाचं वेगळं काढणे, भागांची मांडणी शोधणे, किंवा मजकुरामागचा दृष्टिकोन ओळखणे. ५० मिलिलिटर पाणी बशीत, ५० मिलिलिटर अरुंद तोंडाच्या बाटलीत. बशी पंख्याखाली, बाटली बंद कपाटात. दुसऱ्या दिवशी बशी कोरडी आणि बाटलीत जवळजवळ सगळं पाणी शिल्लक. 'यावरून पृष्ठभाग जास्त असला की बाष्पीभवन जलद होतं हे सिद्ध झालं का?' असं विचारा. पृष्ठभागासोबत वाराही बदलला आहे, म्हणून कोणत्या एका घटकामुळे फरक पडला हे सांगता येत नाही, इथवर मूल पोचलं तर ते विश्लेषण. या प्रश्नात 'विश्लेषण करा' असा शब्द कुठेच नाही.

मूल्यमापन आणि नुसतं मत. 'तुम्हाला काय वाटतं?' हा प्रश्न आपोआप मूल्यमापनाचा होत नाही. निकष हवा, आणि तो लावून दाखवायला हवा. मूल्यमापनाचं एक अगदी साधं उदाहरण गणितात मिळतं. एका मुलाने ३/७ + २/५ = ५/१२ असं लिहिलं आहे. अट अशी की बेरीज न करता हे उत्तर चूक का ते सांगायचं. ८४ हा समान छेद घेतला तर ३/७ म्हणजे ३६/८४ आणि ५/१२ म्हणजे ३५/८४. म्हणजे बेरीज तिच्यातल्या एका संख्येपेक्षाही लहान आली! दोन धन संख्यांची बेरीज त्यांतल्या प्रत्येकीपेक्षा मोठी असायलाच हवी, या निकषावर उत्तर बाद होतं. खरी बेरीज २९/३५ आहे, पण ती काढायची गरजच पडली नाही. अशी दोन मिनिटांची कामं पाठात सहज बसतात. मूल्यमापन म्हणजे दोन पानी निबंध, ही समजूत त्यामुळे सुटते.

निर्मितीबद्दल थोडक्यात. तक्ता रंगवणं, प्रतिकृती चिकटवणं, भित्तिपत्रक सजवणं ही छान कामं आहेत, पण आराखडा दिलेला असेल तर निर्मिती नव्हेत. पर्याय सुचवणे, त्यांतून योजना आखणे आणि ती प्रत्यक्षात आणणे, यांपैकी निदान एक गोष्ट मुलाच्या डोक्यातून यायला हवी. वरच्या बशी-बाटलीच्या प्रयोगात दोष सापडला की 'फक्त पृष्ठभागाचा परिणाम कळेल असा प्रयोग आखा' एवढं सांगा, म्हणजे निर्मिती होते. रंगीत कागद लागत नाही.

आणखी एक गफलत फार नुकसान करते: अवघडपणा म्हणजे वरचा स्तर. पहिल्या २० मूलद्रव्यांची नावं क्रमाने सांगणं बऱ्याच मुलांना जड जातं, तरी ते स्मरणच. उलट दोन वाक्यांपैकी कोणतं सूचना म्हणून जास्त स्पष्ट आहे आणि का, हे आठ-नऊ वर्षांचं मूल निकष लावून सांगू शकतं, आणि ते मूल्यमापन आहे. म्हणून 'मागे पडलेल्यांना स्मरण, हुशारांना विश्लेषण' अशी वाटणी करू नये. मागे पडलेल्या मुलांना मग वर्षभर विचार करण्याची संधीच मिळत नाही, आणि मग त्यांना विचार करता येत नाही असा निष्कर्ष आपणच काढतो. याचा अर्थ स्मरण टाळावं असाही नाही. समासाची नावं आणि लक्षणं डोक्यात नसतील तर 'पीतांबर'वर विचार कशाने करणार? फक्त खालून वर एकेक पायरी चढतच शिकवलं पाहिजे असं बंधन नाही. बशी-बाटलीच्या कोड्यापासून तास सुरू करून लागेल तशी व्याख्या मध्ये आणली, तरी चालतं. कित्येकदा ती जास्त पक्की बसते.

लिहिलेला स्तर खरा आहे का, हे तपासायची खात्रीची रीत म्हणजे उद्दिष्ट लिहिल्याबरोबर त्याखाली दोन प्रश्न लिहिणे आणि दोन्हींची पूर्ण गुण मिळवणारी उत्तरंही लिहिणे. मग स्वतःला विचारायचं: नोंदवही पाठ असलेल्या, पण विषय न कळलेल्या मुलाला हे उत्तर लिहिता येईल का? येत असेल तर वरचा स्तर कागदावरच राहिला. गुणांची वाटणीही त्याच वेळी बघावी. विश्लेषणाच्या ४ गुणांच्या प्रश्नात ३ गुण व्याख्या आणि आकृतीला, आणि १ गुण कारणमीमांसेला असेल, तर तो प्रश्न स्मरणाचाच आहे, मथळा काहीही असो.

वर्गात स्तर घसरतो तो बहुतेक वेळा चांगुलपणापोटी. प्रश्न विचारला, तीन-चार सेकंद शांतता गेली, आणि शिक्षकाने 'वारा कुठे आहे बघा' अशी सूचना दिली. संपलं विश्लेषण, उरला फक्त होकार. नाहीतर चर्चा उत्तम होते आणि शेवटी 'आता उत्तर लिहून घ्या' म्हणून आदर्श उत्तर सांगितलं जातं. पुढच्या चाचणीत तोच प्रश्न आला की तो स्मरणाचा. इलाज दोन. सूचना द्यायचीच तर विचाराची द्यावी, उत्तराची नको: 'दोन्ही भांड्यांत काय काय वेगळं आहे त्याची यादी करा.' आणि चर्चेत जे उदाहरण वापरलं ते चाचणीत येणार नाही, असं आधीच ठरवून बाजूला एक न वापरलेलं उदाहरण राखून ठेवावं. हा राखीव साठा प्रत्येक पाठ्यघटकासाठी तीन-चार उदाहरणांचा तरी असावा. बहुपर्यायी प्रश्नांनी मात्र बिचकू नये. चार पर्यायांपैकी चुकीचे तिन्ही पर्याय मुलांच्या प्रत्यक्ष चुकांमधून घेतले, तर असा प्रश्न विश्लेषणापर्यंत जाऊ शकतो.

नियोजनात किती उद्दिष्टं घ्यायची? ३५-४० मिनिटांच्या तासाला दोन, फार तर तीन. एकाच तासाच्या टाचणात सहाही स्तर भरणं ही केवळ रकाने भरण्याची कसरत आहे. निर्मितीचं एक काम मनापासून करायचं तर त्यालाच तास जातो. सहा स्तरांचा हिशेब घटकाला लावावा, तासाला नाही. घटक आठ तासांचा असेल तर आधी शेवटचं काम ठरवावं, उदाहरणार्थ प्रयोग आखणे, आणि त्यासाठी काय आठवावं लागेल, काय कळावं लागेल, कोणती रीत यावी लागेल, अशी उलटी यादी करावी. उद्दिष्टं या यादीतूनच पडतात. घटक चाचणीच्या संविधान तक्त्यातही, म्हणजे कोणत्या स्तराला किती गुण हे दाखवणाऱ्या आराखड्यातही, हाच समतोल दिसावा. २५ गुणांच्या चाचणीत स्मरण ५, आकलन ८, उपयोजन ७ आणि त्यावरच्या स्तरांना मिळून ५, ही सुरुवातीला झेपेल अशी वाटणी आहे. मात्र वरच्या स्तरांना तासिकांमध्ये वेळच दिला नसेल तर चाचणीत ते ५ गुण ठेवणं अन्यायाचं होतं.

दुसऱ्या पद्धतींबद्दल एवढंच: जॉन बिग्स आणि केव्हिन कॉलिस यांनी १९८२ मध्ये मांडलेली सोलो पद्धत उत्तराची रचना पाहते. एकच मुद्दा, सुटे अनेक मुद्दे, परस्परांशी जोडलेले मुद्दे, आणि त्यापलीकडे जाणारं सामान्यीकरण, असा तिचा चढता क्रम आहे. त्याच्याही खाली प्रश्नच न कळलेलं उत्तर. प्रश्न ठरवताना ब्लूमची मांडणी आणि खुल्या प्रश्नांची उत्तरं तपासताना सोलो, अशी जोडी चांगली जमते.

सुरुवातीला म्हटलेला मतभेद, एकाने आकलन लिहायचं आणि दुसऱ्याने विश्लेषण, कसा मिटवायचा? एका विषयाच्या दोन शिक्षकांनी तीच २० उद्दिष्टं एकमेकांना न दाखवता वर्गीकृत करावीत आणि मग शेजारी ठेवावीत. जिथे फरक पडेल तिथे 'कोण बरोबर' यावर वाद न घालता एवढंच विचारावं: मुलांनी आधी काय पाहिलं आहे असं तू धरलंस? बहुतेक मतभेद इथेच सुटतात, कारण एकाने उदाहरण नवं धरलेलं असतं, दुसऱ्याने शिकवलेलं. ते गृहीतक उद्दिष्टाच्या वाक्यात लिहिलं की पुढच्या वर्षी टाचण वापरणाऱ्या तिसऱ्या शिक्षकालाही तोच स्तर दिसतो. तरीही जी दोन-तीन उद्दिष्टं अडतात ती बहुधा जोड-उद्दिष्टं असतात: 'समास ओळखून त्याचा विग्रह करतो व वाक्यात उपयोग करतो.' ती तोडावीत आणि प्रत्येक तुकड्याला आपला स्तर द्यावा.

चाचणी झाल्यावर एक काम उरतं. प्रश्नवार चुका मोजताना, चुकलेल्या मुलाला त्याच मुद्द्यावरचा स्मरणाचा प्रश्न सोडवता आला होता का हे बघावं. 'पीतांबर'चा प्रश्न चुकलेल्यांपैकी बहुतेकांना बहुव्रीहीचं लक्षणच लिहिता आलं नसेल, तर पुढचा तास लक्षणांसाठी द्यावा. लक्षण नीट लिहूनही वाक्यावरून निर्णय घेता आला नसेल, तर लक्षणं पुन्हा घोकून घेण्यात वेळ घालवू नये. त्यांना एकच शब्द दोन वाक्यांत असलेली आणखी चार-पाच उदाहरणं द्यावीत आणि प्रत्येक वेळी निर्णय कोणत्या शब्दावरून घेतला, तो शब्द अधोरेखित करायला सांगावं.